खोटं रीडिंग

वामनराव कर्णिक बडोद्याजवळ कोयलीच्या रिफायनरीत चौतीस वर्षं इन्स्ट्रुमेंट खात्यात होते. टाकीत तेल किती, पाइपात दाब किती, भट्टी किती तापली हे सांगणारी जी मीटरं असतात, ती खरं बोलतात की नाही हे बघणं त्यांचं काम. या नोकरीतून त्यांनी एक मत कमावलं होतं आणि ते जेवताना, मुंजीत, बसस्टॉपवर, कुठेही सांगायला त्यांची तयारी असे. बंद पडलेलं मीटर परवडलं, खोटं सांगणारं नको. बंद मीटर माणसाला सावध तरी करतं. खोटं मीटर झोपवतं.

२००७ च्या दिवाळीनंतर ते निवृत्त झाले आणि तीन महिन्यांत घराला जड झाले. बडोद्याच्या सुभानपुऱ्यातलं त्यांचं टेनामेंट, म्हणजे ओळीतलं बैठं घर, चौतीस वर्षं सकाळी आठ ते संध्याकाळी सहा शालिनीबाईंच्या ताब्यात होतं. आता तिथे तपासणी सुरू झाली. वामनरावांनी फ्रिजमध्ये थर्मामीटर टांगलं. कुकरच्या तिसऱ्या शिटीला किती मिनिटं लागतात ते ते भिंतीवरच्या घड्याळात बघून सांगू लागले. गॅसचा सिलिंडर ठरल्या दिवसाआधी संपला तेव्हा त्यांनी शेगडीच्या नळीला साबणाचं पाणी लावून गळती शोधली. गळती नव्हती. पाहुणे आले होते, एवढंच झालं होतं. शालिनीबाईंनी ते सांगितलंही, पण वामनरावांना ते कारण पुरेसं शास्त्रीय वाटलं नाही.

त्यांची मुलगी मालविका सत्तावीस वर्षांची होती. रसायनशास्त्रात एम.एस्सी. करून ती डभोईला माती तपासण्याच्या एका खासगी प्रयोगशाळेत लागली होती. सकाळी साडेसातच्या बसने जायची, संध्याकाळी परतायची. शेतकरी प्लास्टिकच्या पिशव्यांतून आपापल्या शेतातली माती घेऊन येत आणि ही त्यांना त्यात काय कमी आहे ते सांगे. "बेन, बराबर जोजो," ताई, नीट बघा, असं म्हणून ते पिशवी तिच्या हातात देत. त्या शब्दांवर तिचा दिवस सुखात जाई. पगार बेताचा होता. पण आपण सांगितलेलं कोणीतरी ऐकतं आणि त्याप्रमाणे खत टाकतं, याची तिला फार मौज वाटे. घरी तसा अनुभव कमी होता.

मार्चमध्ये स्थळ आलं. जयवंतराव दिघे हे वामनरावांचे खात्यातले जुने सहकारी, त्यांचा पुतण्या इंद्रनील टोरांटोला सॉफ्टवेअरमध्ये. मुलगा शांत, निर्व्यसनी, फोटोत चष्मा घातलेला. मालविकाने फोटो बघितला आणि जेवणाच्या टेबलावरच सांगितलं की मुलगा चांगला दिसतोय, पण मला डभोई सोडून कुठे जायचं नाही.

वामनराव हसले. डभोई सोडून लोक कॅनडाला जातात हे त्यांनी ऐकलं होतं, डभोईसाठी कॅनडा सोडलेलं कोणी त्यांच्या ऐकण्यात नव्हतं. त्यांनी तिला समजावलं की एका रीडिंगवर निर्णय घ्यायचा नसतो. चार वेळा बोलून बघ, मग सांग. तिने पहिल्यांदा बोलून झाल्यावर पुन्हा तेच सांगितलं. आठवड्याने, आईसमोर, आणखी एकदा सांगितलं. दर वेळी वामनराव मान हलवत आणि जयवंतरावांना फोनवर कळवत की मुलगी विचार करते आहे.

बोलण्यासाठी लॅपटॉप आला होता. तो वामनरावांच्या मुलाने, अनिशने, सिंगापूरहून कोणाच्या तरी हाती पाठवला होता. तीन वर्षं त्याने स्वतः वापरलेला, पण वर कॅमेरा असलेला. फोनवर त्याने वडिलांना बजावलं होतं, "बाबा, काहीही झालं तरी तो उघडू नका. स्क्रू ड्रायव्हर लावायचा नाही." रिफायनरीतलं ज्याने उघडलं नाही असं एकही यंत्र नव्हतं त्या माणसाला ही अट झोंबली, पण वस्तू मुलाची होती.

दर रविवारी संध्याकाळी साडेसहाला, टोरांटोत तेव्हा सकाळ असे, पश्चिमेच्या खोलीत कॉल लागायचा. आधी वामनराव आणि शालिनीबाई नमस्कार करून हवापाण्याचं विचारत, मग "तुम्ही बोला" म्हणून बाहेर येत आणि दार अर्धं ओढून घेत.

एप्रिलच्या पहिल्या रविवारी इंद्रनीलने मालविकाला विचारलं की इकडे आल्यावर पहिलं वर्षभर तुम्हाला काम मिळणार नाही, तेव्हा दिवसभर काय कराल? ती काहीतरी उत्तर जुळवत होती, तेवढ्यात पडदा काळा झाला. लॅपटॉप आपणहून बंद पडला होता. मालविकाला त्या काळ्या पडद्यात देव दिसला असं नाही, पण वाट दिसली.

पुढच्या रविवारी व्हिसाच्या कागदांचं बोलणं निघालं. प्रयोगशाळेतला कॉम्प्युटर अडकला की ते काय करत, हे तिला माहीत होतं. कीबोर्डच्या वर उजव्या टोकाला गोल बटण होतं. त्यावर बोट ठेवून पाच सेकंद दाबून धरलं की सगळं गप्प होई. तिने बोट ठेवलं.

अशा रीतीने वामनराव कर्णिक निवृत्तीनंतर प्रथमच सुखी झाले.

त्यांनी लाल कापडी पुठ्ठ्याची नोंदवही आणली आणि रकाने आखले. तारीख, वेळ, किती मिनिटं चालला, बंद पडताना काय चालू होतं, शेरा. शेवटच्या रकान्यात कारण, आणि तो रिकामा ठेवला. त्यांची पद्धत अशी होती की एका वेळी एकच गोष्ट बदलायची. प्रथम विजेवर संशय घेतला. घरातल्या सॉकेटचा व्होल्टेज आठवडाभर सकाळ-संध्याकाळ मोजला आणि स्टॅबिलायझर बसवला. रविवारी लॅपटॉप अठरा मिनिटांनी बंद पडला. म्हणजे दोष विजेचा नव्हता. मग उष्णतेचा संशय. फ्रिजमधलं थर्मामीटर त्यांनी काढून खोलीत आणलं, लॅपटॉपखाली दोन लाकडी ठोकळे घातले आणि बाजूला टेबलफॅन सुरू केला. त्या रविवारी इंद्रनील सांगू लागला की त्याच्या आईला साखरपुड्याची घाई झाली आहे आणि लॅपटॉप बाराव्या मिनिटाला बंद पडला. फॅन तोंडावर फिरत असताना. वामनरावांनी शेरा लिहिला, "उष्णता नव्हे," आणि खाली दोन रेघा ओढल्या.

पुढे ते लॅपटॉप दुकानात नेऊन त्यातलं सगळं सॉफ्टवेअर पुसून नव्याने भरून घेऊन आले. दुकानदाराच्या टेबलावर तो चार तास चालला, हूं की चूं केलं नाही. "काका, आ तो एकदम बराबर छे," दुकानदार म्हणाला. घरी आल्यावर रविवारी पुन्हा बंद. वामनरावांच्या डोळ्यांत जुनी चमक आली. दुकानात चालतं आणि जागेवर चालत नाही, असे दोष त्यांनी आयुष्यभर पकडले होते.

माणसावर त्यांना संशय का आला नाही, असं कोणी विचारेल. त्याचं कारण असं की लॅपटॉप मालविका नसतानाही बंद पडला होता. एप्रिलअखेर एका दुपारी वामनराव स्वतः त्यावर पत्ते खेळत होते तेव्हा, आणि मे महिन्यात शालिनीबाई अनिशशी बोलत होत्या तेव्हा. दोन्ही नोंदी वहीत होत्या.

शालिनीबाईंना मात्र मे महिन्यातच सगळं कळलं. त्या चहा घेऊन दारापर्यंत गेल्या आणि त्यांना मालविकाचं बोट दिसलं. तशाच मागे फिरल्या. त्यांनी नवऱ्याला काही सांगितलं नाही. फ्रिज मोकळा झाला होता, शिट्या मोजणं थांबलं होतं आणि माणूस सकाळी गुणगुणत उठत होता. शिवाय मुलगी टोरांटोला जावी असं त्यांना मनातून कधी वाटलंच नव्हतं, फक्त ते विचारायला कोणी आलं नव्हतं. पुढच्या रविवारपासून खोलीत जाण्याआधी त्या कपबशा जरा जोरात वाजवू लागल्या, इतकंच.

जुलै उजाडला. वहीत अकरा नोंदी झाल्या. जयवंतराव फोनवर विचारू लागले की अरे, तुझ्यासारख्याच्या घरी हे यंत्र इतके दिवस ऐकत नाही म्हणजे काय. हे वामनरावांना लागलं. त्यांनी ठरवलं की आता एकच मार्ग उरला. यंत्र चालू असताना, प्रत्यक्ष कामावर, शेजारी बसून बघायचं.

मालविकाने हरकत घेतली. वामनराव म्हणाले की मी कॅमेऱ्यात येणार नाही, मला तुमच्या बोलण्यात रस नाही, माझं लक्ष यंत्राकडे. आणि खरोखरच तसं होतं. त्या रविवारी नमस्कार-चमत्कार झाल्यावर शालिनीबाई बाहेर गेल्या आणि वामनराव टेबलाच्या उजव्या अंगाला एका बुटक्या स्टुलावर बसले. एका हातात थर्मामीटर, ते लॅपटॉपच्या कडेच्या जाळीला लावलेलं. मांडीवर वही. गोल बटण त्यांच्या नाकापासून दोन वितींवर होतं.

कॉल चालला. वीस मिनिटं झाली, तीस झाली. पावसाने बाहेरची हवा निवलेली होती. वामनराव दर पाच मिनिटांनी आकडा लिहीत होते. मालविका दोन्ही हात मांडीत घेऊन बसली होती. इतका वेळ दोघं कधी बोललेच नव्हते, त्यामुळे विषय संपले. टोरांटोतली भाजी, बडोद्याचे रस्ते, पुन्हा भाजी. चाळिसाव्या मिनिटाला इंद्रनीलने चष्मा काढला. तो पुसत म्हणाला,

"आज बंद नाही केलात?"

"काय?"

"लॅपटॉप. दर वेळी तुमचा उजवा खांदा थोडा खाली जातो आणि तुम्ही एकदम हसता. मग पाच सेकंदांनी सगळं काळं. सुरुवातीला मला वाटलं नेट जातंय. पण खांदा आधी जातो."

वामनरावांचं थर्मामीटर जागचं हललं नाही. त्यांनी मान वर केली आणि मुलीच्या उजव्या खांद्याकडे बघितलं.

मालविकाला वडिलांकडे बघण्याचं धैर्य झालं नाही. सारवासारव करता आली असती. पण ती म्हणाली, "हो. मीच करत होते."

इंद्रनील बराच वेळ हसला, तेही सुटकेचं. त्याने सांगितलं की कॉल तुटला की मलाही बरं वाटायचं. तिकडे त्याच्या ऑफिसातली एक मुलगी होती, तीन वर्षांपासून. आईला सांगायची हिंमत होत नव्हती. तुम्ही बंद करता म्हणजे तुमच्याही मनात नाही हे मला मे महिन्यातच कळलं, पण नकार तुमच्याकडून आला असता तर माझं काम सोपं झालं असतं, म्हणून मी वाट बघत राहिलो. आता तरी तेवढं कराल का, असं त्याने अगदी अजिजीने विचारलं.

"मी मार्चमध्येच नाही म्हटलंय," मालविका म्हणाली. "तीनदा. ते पुढे गेलं नाही."

कॉल रीतसर संपला. वामनरावांनी थर्मामीटर पुसून डबीत ठेवलं, वही मिटली आणि ते बाहेर ओसरीतल्या हिंचक्यावर जाऊन झुलत बसले. शालिनीबाईंनी चहा ठेवला, तो निवून गेला.

चार दिवस ते मुलीशी बोलले नाहीत. स्थळ गेल्याचं दुःख असावं असं शालिनीबाईंना वाटलं, म्हणून त्यांनी समजूत घातली की त्या मुलाचंच मन दुसरीकडे होतं, झालं ते बरं झालं. वामनराव म्हणाले की मुलाचं मला काही वाटत नाही. मग कशाचं वाटतं, ते त्यांनी सांगितलं नाही. पाचव्या दिवशी मालविका डभोईहून आली, पर्स खुंटीला लावली आणि त्यांच्यासमोर वेताच्या मोड्यावर बसली. तेव्हा ते बोलले.

"तू मला खोटं रीडिंग दिलंस. चार महिने. फॅन लावला तेव्हा बटण दाबलंस आणि मी उष्णता खोडून टाकली. माझी सगळी वही खोटी केलीस."

मालविकाला वडिलांचा राग येत होता आणि त्यांचा चेहरा बघून वाईटही वाटत होतं. या दोन्हीतलं आधी काय बोलावं हे तिला कळेना. शेवटी ती म्हणाली,

"बाबा, खरं रीडिंग मी आधी दिलं होतं. तीन वेळा घेतलंत तुम्ही, तिन्ही वेळा एकच आलं. मग तुम्ही मीटरवरच संशय घेतलात."

वामनराव हिंचका पायाने थोपवून बसले. चौतीस वर्षांत कोयलीला त्यांनी किती नव्या पोरांना हेच सुनावलं असेल. आकडा मनासारखा नाही म्हणून मीटर बदलू नका रे. ते उठून आत गेले. शालिनीबाईंना वाटलं, झालं, आता आणखी चार दिवस. पण ते वही घेऊन बाहेर आले आणि खिशातलं पेन मुलीपुढे धरलं.

"तुझ्या कुठल्या, त्यांवर खुणा कर."

तिने एकेक नोंद वाचत बरोबरची खूण करायला सुरुवात केली. काही ठिकाणी हसू आलं, ते तिने दाबलं. पान संपलं. आठ खुणा झाल्या.

"बाकीच्या?" वामनरावांनी विचारलं.

"त्या माझ्या नाहीत. पहिल्यांदा तो आपोआप गेला. या दोन तुमच्या नि आईच्या."

वामनरावांनी वही ओढून घेतली. तीन नोंदी उरत होत्या. एप्रिलची संध्याकाळ, एप्रिलअखेरची दुपार, मेमधली दुपार. तिन्ही पश्चिमेच्या खोलीत, फॅन नसताना, अर्ध्या तासाच्या पुढे. त्यांनी चष्मा कपाळावर ढकलला. दोन रेघा ओढून बाद केलेली ती उष्णता त्यांच्याकडे बघत होती.

"म्हणजे दोष आहे," ते म्हणाले. चार दिवसांत पहिल्यांदा त्यांच्या आवाजात जीव आला.

"आहे ना," मालविका म्हणाली.

अनिशला विचारायचं का, असा प्रश्न शालिनीबाईंनी काढला. त्याला कशाला त्रास, असं बापलेक एकदमच म्हणाले. शनिवारी वामनराव लहरीपुऱ्याच्या बाजारात जाऊन घड्याळजींचे बारीक स्क्रू ड्रायव्हर घेऊन आले. रविवारी साडेसहाला, कॉलच्या वेळेलाच, दोघांनी जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून लॅपटॉप उघडला. मालविका निघालेले स्क्रू वाट्यांमध्ये क्रमाने ठेवत होती आणि टॉर्च धरत होती. आतला पंखा सुटला तेव्हा त्याच्या तोंडाशी धुळीचा आणि तंतूंचा एक करडा बोळा निघाला, निरांजनातल्या फुलवातीएवढा, पण थापून घट्ट झालेला. अनिश तीन वर्षं हे यंत्र गादीवर ठेवून वापरत होता. वामनरावांनी तो बोळा चिमट्यात धरून उजेडात फिरवला. मग तो मुलीच्या हातावर ठेवला आणि यात काय काय आहे ते बघ म्हणाले. तिने बघितलं आणि कापूस, लोकर, केस असं सांगितलं. त्यांनी ते ऐकलं आणि तसंच लिहून घेतलं.

त्याच आठवड्यात जयवंतरावांचा फोन आला. वामनरावांनी सांगितलं की आमच्याकडून नकार आहे.

"कारण काय कळवू?"

"मालविका नाही म्हणाली."

"ते कळलं रे. पण कारण?"

"तेच कारण," वामनराव म्हणाले.

जयवंतरावांनी फोन ठेवला. नुसत्या मुलीच्या नकारावर स्थळ मोडलं हे पुण्याच्या वहिनीला, इंद्रनीलच्या आईला, सांगायची त्यांची छाती झाली नसावी. त्यांनी पुण्याला आपल्या मनाने कळवलं की मुलांचं बोलणंच नीट होऊ शकलं नाही, कर्णिकांचा लॅपटॉप सारखा बंद पडायचा. इंद्रनीलच्या आईला हे पटलं. तिने ते पुढे सांगितलं आणि बडोद्यापासून ठाण्यापर्यंत नातेवाइकांत ती गोष्ट कायम झाली. चांगलं जुळत आलेलं स्थळ एका यंत्रापायी गेलं, आणि घरात इन्स्ट्रुमेंटवाला माणूस असताना गेलं.

पंखा साफ केल्यावर लॅपटॉप पुढे चार वर्षं चालला, एकदाही बंद पडला नाही. मालविका त्यावर प्रयोगशाळेचे अहवाल लिहायची. दोन वर्षांनी ती तिथली प्रमुख झाली. लग्नाकार्यात मात्र पंगतीत कोणी ना कोणी वामनरावांना गाठून विचारायचंच, काय हो, तुमचा तो लॅपटॉप सुधारला का?

मालविका शेजारीच वाढत असायची. वामनराव पानातल्या बासुंदीकडे बघत म्हणायचे,

"नाही हो. काय दोष आहे, कळतच नाही."